गाव सोडण्यामागचं अर्थकारण: मजुरीचा दर, कामाचे दिवस आणि पैसा हातात येण्याची वेळ

प्रश्न असा आहे: गावात स्वतःचं घर असतं, थोडीफार जमीन असते, ओळखीची माणसं असतात. शहरात भाड्याची खोली, गर्दी आणि कामाची अनिश्चितता. तरीही जगभर माणसं गावाकडून शहराकडे का जात राहतात? शहरात मजुरी जास्त मिळते, एवढं कारण पुरेसं आहे का?

पुरेसं नाही. मजुरीतला फरक खरा आहे आणि मोठाही आहे. पण कोण जातं, कोण मागे राहतं, कोणत्या महिन्यात जातं आणि परत का येतं, यातलं काहीच त्या फरकावरून कळत नाही. ग्रामीण कुटुंबांच्या जमाखर्चाच्या पाहण्या करण्यात माझं बरंचसं कामाचं आयुष्य गेलं. त्यातून माझं ठाम मत बनलं आहे की दराच्या आधी दोन गोष्टी विचारायला हव्यात: वर्षात कामाचे दिवस किती मिळतात, आणि पैसा हातात कधी येतो.

आधी दिवसांचं बघू. शेतीला माणसं सारखी लागत नाहीत. पेरणी किंवा लावणीला लागतात, खुरपणीला लागतात, काढणी-मळणीला लागतात. मधले आठवडे आणि पीक घरात आल्यानंतरचे महिने रिकामे जातात. समजा, शहरात दिवसाची मजुरी गावाच्या दीडपट आहे. कागदावर हा फरक फार मोठा वाटत नाही. खोलीभाडं आणि प्रवास वजा केला की तो जवळजवळ संपतो. पण गावात वर्षाला १०० दिवस काम आहे आणि शहरात २५० दिवस, असं धरलं तर वर्षाची कमाई पावणेचारपट होते. माणूस हा हिशेब तोंडी करतो आणि अचूक करतो. ‘तिकडे मजुरी चांगली आहे’ असं तो सांगतो तेव्हा त्याच्या मनात बहुतेक वेळा ‘तिकडे रोज काम आहे’ हेच असतं.

हे दिवस कमी का होत गेले, याकडे पुरेसं लक्ष दिलं जात नाही. ट्रॅक्टरने नांगरणीचे दिवस खाल्ले, मळणीयंत्राने आणि कापणीयंत्राने सुगीचे. तणनाशकाची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण खुरपणी हे बहुतेक ठिकाणी बायकांचं काम. जमीनमालकाला तणनाशकाने पैसे वाचल्याचं दिसतं. त्याच वेळी मजूर घरातल्या बाईचे कित्येक दिवस बुडालेले असतात. लहान मुलं आणि म्हातारी माणसं सांभाळायची असल्याने तिला चटकन शहर गाठता येत नाही. मग तिच्या बुडालेल्या रोजगाराची भरपाई करायला नवरा किंवा मुलगा निघतो. पाहणीच्या तक्त्यात हे ‘पुरुषाचं स्थलांतर’ म्हणून नोंदलं जातं; मूळ कारण बाईच्या कामात असतं आणि ते नोंदीत कुठेच येत नाही.

आता पैसा हातात येण्याची वेळ. शेतीचं उत्पन्न वर्षातून एकदा किंवा दोनदा, एकरकमी येतं. खर्च मात्र रोजचा, आठवड्याचा, महिन्याचा असतो. पूर्वी खर्चाचा मोठा भाग रोखीशिवाय भागत असे: धान्य घरचं, बियाणं घरचं, खत गोठ्यातलं, मजुरी धान्यात. आज बियाणं, खत, औषध, डिझेल, शाळेची फी, दवाखाना, प्रवास, फोन, सगळं रोखीत. रोखीची गरज बाराही महिन्यांची झाली आणि रोखीची आवक दोन हंगामांपुरतीच राहिली. माझ्या मते स्थलांतराचं सर्वांत मोठं आर्थिक कारण हेच आहे.

ही फट सर्वांत जास्त बोचते ती पीक हाताशी येण्याच्या आधीच्या काही आठवड्यांत. साठवलेलं धान्य संपत आलेलं असतं, हातातला पैसा जमिनीत घातलेला असतो, आणि शेतात काम नसतं. त्या वेळी कुटुंबासमोर दोनच वाटा असतात: उसने घ्या, नाही तर कुणीतरी बाहेर पडा. कर्ज आणि स्थलांतर यांचा विचार म्हणूनच एकत्र करायला हवा. उसन्या पैशावर महिना ३ टक्के व्याज म्हणजे सरळ व्याजानेच वर्षाला ३६ टक्के, आणि कोरडवाहू शेती वर्षाला ३६ टक्के परतावा भरवशाने देत नाही. हे ज्याला कळतं तो घरातला एक माणूस शहरात पाठवतो.

कर्ज घेतलेल्या घराचं दुसरं नुकसान काढणीनंतर होतं. सावकार दारात असल्यामुळे माल लगेच विकावा लागतो, आणि सगळ्यांचा माल एकदम बाजारात आल्यामुळे तेव्हाच भाव पडलेला असतो. काही महिन्यांनी तेच धान्य चढ्या भावाने विकत घ्यावं लागतं. ज्या घरात शहरातून दरमहा थोडी रक्कम येते, ते घर माल दोन महिने थोपवू शकतं. शहरातून येणारा पैसा पोटाला लागतो हे सगळ्यांना माहीत आहे. तो शेतमालाला भाव मिळवून देतो, हे फारसं कुणी मांडत नाही.

जमिनीच्या तुकड्यांबद्दल आकडे बोलके आहेत. भारताच्या कृषिगणनेनुसार सरासरी धारणक्षेत्र, म्हणजे एका शेतकऱ्याच्या कसण्यातली जमीन, १९७०-७१ मध्ये २.२८ हेक्टर होतं. २०१५-१६ मध्ये ते १.०८ हेक्टरवर आलं. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१८-१९ च्या पाहणीत शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये आढळलं. त्यात मजुरी आणि पगाराचा वाटा ४,०६३ रुपये होता, तर पिकांचा ३,७९८ रुपये. ही शेती करणाऱ्या कुटुंबांची सरासरी आहे, भूमिहीनांची नव्हे. म्हणजे सरासरी शेतकरी कुटुंबालाही पिकापेक्षा मजुरी जास्त देते. मग ही मजुरी जिथे जास्त दिवस मिळेल तिथे ते घर बघणारच.

याच्याही मागे एक मोठी, संथ चालणारी गोष्ट आहे. जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये दाखवून दिलं की कुटुंबाचं उत्पन्न वाढतं तसा त्यातला अन्नावर खर्च होणारा वाटा कमी होतो. उत्पन्न दुप्पट झालं म्हणून कुणी दुप्पट जेवत नाही. म्हणजे देश श्रीमंत होत जातो तसा त्याच्या एकूण कमाईतला शेतीचा वाटा घटतो, शेतकरी कितीही राबला तरी. अमेरिकेत १९०० च्या सुमारास कामकऱ्यांपैकी साधारण ४० टक्के शेतीत होते. शंभर वर्षांनी ते प्रमाण २ टक्क्यांच्या आत आलं. भारतात आज राष्ट्रीय मूल्यवर्धनात, म्हणजे देशाच्या एकूण कमाईत, शेतीचा वाटा १८ टक्क्यांच्या आसपास आहे आणि कामकऱ्यांत जवळपास ४६ टक्के. कमी वाट्यावर जास्त माणसं बसलेली असतील तर दरडोई काय येईल, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

म्हणूनच ‘शेती सुधारा, स्थलांतर थांबेल’ हे वाक्य मला अर्धवट वाटतं. कोणती सुधारणा, यावर सगळं अवलंबून आहे. सिंचन आलं, दुसरं-तिसरं पीक घेता येऊ लागलं, भाजीपाला आणि दूध वाढलं, तर कामाचे दिवस वाढतात आणि माणसं थांबतात. उलट बाहेरून मजूर येतात. यंत्र आलं आणि पिकांची संख्या तेवढीच राहिली, तर उत्पादन वाढूनही माणसं निघतात. दोन्हींना आपण ‘शेतीचा विकास’च म्हणतो.

अर्थशास्त्रात या विषयाची सुरुवात बहुधा आर्थर ल्युईस यांच्या १९५४ च्या निबंधापासून होते. शेतीत गरजेपेक्षा जास्त माणसं गुंतलेली असतात, त्यातली काही निघून गेली तरी उत्पादन फारसं घटत नाही, आणि उद्योग थोडीच जास्त मजुरी देऊन त्यांना ओढू शकतात, अशी त्यांची मांडणी. ही तफावत साधारण ३० टक्के किंवा त्याहून जास्त असते असं त्यांनी म्हटलं होतं. या कामासाठी त्यांना १९७९ मध्ये नोबेल मिळालं. मांडणी मोठी आहे, पण त्यात माणूस एकटा उभा आहे आणि दर बघून हलतो आहे.

अर्थतज्ज्ञ ओडेड स्टार्क यांनी १९८० च्या दशकात यात मोलाची भर घातली. निर्णय कुटुंब घेतं, आणि ते केवळ कमाई वाढवण्यासाठी घेत नाही, धोका वाटण्यासाठीही घेतं, हे त्यांनी ठासून मांडलं. एका गावातल्या सगळ्या शेतांवर पाऊस एकदमच रुसतो. त्यामुळे शेजाऱ्याकडून मदत मागायची वेळ येते तेव्हा शेजारीही अडचणीतच असतो. शहरातल्या बांधकामाचा किंवा कारखान्याचा त्या पावसाशी थेट संबंध नसतो. एक माणूस तिकडे ठेवणं म्हणजे, जिथे पीकविमा नाही किंवा वेळेवर मिळत नाही, तिथे घराने स्वतःच उतरवलेला विमा. स्टार्क आणि रॉबर्ट लुकास यांनी बोत्स्वानातल्या कुटुंबांच्या अभ्यासात दाखवलं की दुष्काळात शहरातून गावी येणारी रक्कम वाढत होती, आणि ज्या घरांकडे दुष्काळात बाधित होणारी गुरं होती त्यांना ती जास्त जात होती. भारतातल्या कोरडवाहू गावांच्या आकडेवारीवरून स्टार्क आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी १९८९ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली: लांबच्या गावांशी सोयरीक असलेल्या घरांचा खाण्यापिण्याचा खर्च वाईट वर्षातही कमी हेलकावे खात होता.

हा कौटुंबिक दृष्टिकोन धरला की एरवी न उलगडणारी बरीच कोडी सुटतात. थोरला मुलगा शेतावर आणि धाकटा शहरात का? चांगलं पीक येऊनही मुलगा परत का येत नाही? शहरात कमाई फारशी नसताना तो तिथे टिकून का? उत्तर एकच: त्याचं तिथे असणं हीच घराची तरतूद आहे.

आता एक गोष्ट, जी ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटतं. सर्वांत गरीब माणूस सर्वांत जास्त स्थलांतर करतो, असं सरसकट नाही. बाहेर पडायला पैसा लागतो. प्रवासाचं भाडं, पहिले काही दिवस खाण्याचा खर्च, काम न मिळाल्यास परतीचे पैसे, आणि तेवढे दिवस मागच्यांना जगवायचं. ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्यासाठी ‘जाऊन बघू’ हा प्रयोगही जीवघेणा ठरू शकतो. बांगलादेशातल्या रंगपूर भागात पीक हाताशी येण्याआधीचा उपासमारीचा काळ ‘मोंगा’ म्हणून ओळखला जातो. तिथे २००८ मध्ये ब्रायन, चौधुरी आणि मोबारक या संशोधकांनी काही घरांना शहरात जाण्यासाठी प्रवासखर्चाएवढी, सुमारे ६०० टाका (बांगलादेशी चलन), मदत किंवा उसनवारी दिली. दर शंभर घरांमागे जाणारी घरं २२ ने वाढली आणि त्या घरांत माणशी खर्च जवळपास तिसऱ्या हिश्शाने वाढला. पुढच्या वर्षी मदत नसतानाही त्यातली बरीच घरं पुन्हा गेली. म्हणजे कमाईची संधी आधीपासून होती. तिकिटाएवढ्या पैशांनी आणि अपयशाच्या भीतीने ती अडली होती.

पण याच कल्पनेवर पुढे मोठ्या प्रमाणावर कार्यक्रम राबवला तेव्हा तसा परिणाम दिसला नाही आणि २०१९ मध्ये तो बंद करण्यात आला. मला हा भागही तितकाच महत्त्वाचा वाटतो. कुणाला मदत दिली जाते, ती कोण पोहोचवतं आणि ज्याला जायचंच होतं त्यालाच ती मिळते का, यावर निकाल पालटतो.

ज्याच्याकडे जायचे पैसे नाहीत त्याच्यापुढे आणखी एक वाट असते, मुकादमाची उचल. मुकादम आगाऊ रक्कम देतो, प्रवास घडवतो, काम दाखवतो. तीनही अडचणी एका झटक्यात सुटतात, म्हणून माणसं ही वाट धरतात. त्यांना कळत नाही म्हणून नव्हे. पण मजुरीचा दर नेमका तेव्हा ठरतो जेव्हा मजुराची घासाघीस करण्याची ताकद सर्वांत कमी असते. पुढे रोज किती काम झालं, किती फिटलं, याचा हिशेब मुकादमाच्या वहीत राहतो. हंगाम संपल्यावर काही बाकी ‘निघाली’ की पुढच्या वर्षीचं जाणंही ठरून जातं. वेठबिगारी भारतात १९७६ च्या कायद्याने बंद झाली, पण उचलीच्या रूपाने माणूस बांधून ठेवण्याचे प्रकार अजून चालू आहेत. अशा स्थलांतराला ‘स्वेच्छेने, जास्त मजुरीसाठी’ म्हणून मोजणं मला मान्य नाही.

ओळखीचा धागा हाही शेवटी आर्थिकच. शहरात आधी गेलेला भाऊ, मेहुणा किंवा गाववाला पहिली रात्र काढायला जागा देतो, ठेकेदाराकडे शब्द टाकतो, कोण मजुरी बुडवतो ते सांगतो. त्यामुळे सुरुवातीचा खर्च आणि धोका दोन्ही घटतात. म्हणून एका गावातली माणसं एकाच शहरात, एकाच वस्तीत, एकाच धंद्यात दिसतात, आणि शेजारच्या तितक्याच गरीब गावातून कुणीच गेलेलं नसतं. हाच धागा उलटाही खेचतो. मुन्शी आणि रोझेनझ्वाइग यांनी २०१६ मध्ये भारताबद्दल मांडलं की गावात जातीच्या वर्तुळात अडीअडचणीला मिळणारी उसनवारी आणि मदत गाव सोडल्यावर तुटण्याची भीती पुरुषांना कायमचं जाण्यापासून रोखते.

शहराच्या बाजूबद्दल थोडं. जॉन हॅरिस आणि मायकेल टोडारो यांनी १९७० मध्ये सांगितलं की माणूस शहरातल्या प्रत्यक्ष पगाराकडे बघत नाही, तर पगार गुणिले तो मिळण्याची शक्यता, याकडे बघतो. म्हणून शहरात बेकारी असूनही लोंढे थांबत नाहीत. आणि शहरात थोड्या नोकऱ्या वाढवल्या की आशा वाढून बेकारही वाढू शकतात. केनियात १९६४ मध्ये करार करून रोजगार वाढवण्याचा प्रयत्न झाला तेव्हा असंच घडलं. माझ्या अनुभवात हे चित्र शिकलेल्या तरुणांना चांगलं लागू पडतं. ज्यांच्या घरात थोडी ऐपत आहे ते परीक्षा, मुलाखती, ओळखी यांच्या भरवशावर दोन-चार वर्षं वाट बघू शकतात. मजुराला वाट बघणं परवडत नाही. तो पहिल्याच आठवड्यात हाताला येईल ते काम धरतो: बिगारी, हमाली, हॉटेलात भांडी, रखवालदारी.

आणि इथेच शहराचा एक फायदा असतो, जो मजुरीच्या दरात दिसत नाही. शेतमजुरीत वीस वर्षांचा अनुभव असलेल्याला आणि कालच आलेल्याला जवळपास सारखाच रोज मिळतो. शहरात बिगारी म्हणून आलेला माणूस हाताखाली काम करता करता गवंडी, फरशीवाला, रंगारी, सुतार, वायरमन होऊ शकतो, आणि दर पायरीला मजुरी वाढते. सगळेच वर चढत नाहीत. किती तरी जण आयुष्यभर पाट्याच वाहतात. पण गावात ही शिडीच नसते. शिवाय चालत जाण्याच्या अंतरावर काम देणारे अनेक असल्याने एकाने काढलं तर दुसरा मिळतो, आणि एका घरातले दोघे-तिघे कमावू शकतात. शेतीत आणि शेतीबाहेर माणशी उत्पादनातला फरक शिक्षण आणि कामाचे तास जमेस धरल्यावरही साधारण दुप्पट उरतो, असं गोलिन, लागाकोस आणि वॉ यांनी अनेक देशांची आकडेवारी तपासून २०१४ मध्ये मांडलं.

शाळा, दवाखाना, वीज, पाणी यांचं आकर्षण असतंच. पण माझ्या पाहण्यांत निव्वळ तेवढ्यासाठी हलणारी कुटुंबं बहुतेक आधीच बऱ्या स्थितीतली निघाली.

मग इतकं सगळं असूनही माणसं कायमची का जात नाहीत? कारण शहर त्यांची मेहनत घेतं, पण म्हातारपण, आजारपण आणि बेकारी यांची जबाबदारी गावावर टाकतं. चीनमध्ये १९५८ पासूनच्या हुकोउ नोंदणीपद्धतीने कोट्यवधी लोकांना शहरात काम करू दिलं, पण शाळा, दवाखाना, निवृत्तिवेतन यांचे हक्क मूळ गावाशी बांधून ठेवले. २०२३ मध्ये गावची नोंदणी असलेल्या, पण शेतीबाहेर काम करणाऱ्या कामगारांची संख्या २९ कोटींच्या पुढे होती. इतरत्र असा नियम नसला तरी परिणाम थोडाफार तसाच होतो. मार्च २०२० मध्ये भारतात टाळेबंदी लागली तेव्हा रोजची कमाई एका दिवसात थांबली, खोलीचं भाडं थांबलं नाही, आणि माणसं शेकडो किलोमीटर चालत निघाली. जिथे भाडं द्यावं लागत नाही असं छप्पर त्यांना गावातच होतं. तुटपुंज्या जमिनीला माणूस का चिकटून राहतो, याचं उत्तर त्या दिवसांत रस्त्यावर दिसलं.

जमिनीचा हक्क नीट नसेल तर हे चिकटून राहणं सक्तीचं होतं. मेक्सिकोत अनेक ठिकाणी जमीन कसत राहिलं तरच ती आपली, अशी स्थिती होती. १९९३ पासून तिथे हक्काची प्रमाणपत्रं दिली गेली, आणि ज्यांना ती मिळाली त्या कुटुंबांतून कुणीतरी स्थलांतर करण्याची शक्यता २८ टक्क्यांनी वाढली, असं २०१५ च्या एका अभ्यासात आढळलं. जमीन जाण्याची भीती गेली तेव्हा माणसं मोकळेपणाने बाहेर पडली. भाडेपट्ट्याने जमीन देताना ती गमावण्याची धास्ती जिथे जिथे आहे तिथे हीच गोष्ट लागू होईल, असं मला वाटतं.

या विषयावर प्रत्यक्ष काम करू पाहणाऱ्यांना मी एवढंच सुचवीन. ‘तुम्ही शहरात का गेलात?’ असं विचारू नका. ‘पोटासाठी’ हे उत्तर मिळेल आणि त्यापुढे काही कळणार नाही. विचारा: कोणत्या महिन्यात निघालात? त्याआधी गावात शेवटचं काम कधी मिळालं होतं? प्रवासाचे पैसे कुणाकडून आणले आणि ते कसे फेडले? पहिली कमाई हातात किती दिवसांनी आली? पहिली रक्कम घरी पाठवली ती कशाला लागली? घरातून दुसरं कुणी का नाही गेलं? आणि प्रश्न निघालेल्यालाच विचारून थांबू नका. मागे राहिलेल्या बाईला वेगळं बसून विचारा, कारण किती रक्कम खरंच घरी पोहोचली आणि तोवर घर कशावर चाललं, याचा हिशेब तिच्याकडे असतो.